शोनीन

आमच्या आजीचा जीव ज्याच्यावर, त्याच्या नावाला ती शेपूट लावायची. सोनुकलं, बाळुकलं. जीव नसेल तरी शेपूट लावायचीच, फक्त निराळं. मग कारकुनाचा कारकुंडा व्हायचा आणि मास्तरांचा मास्तुरडा. शेपूट बघून माणसानं समजायचं.

आयरिश भाषेत या दोन्ही कामांना एकच शेपूट चालतं, 'ईन'. पोटीन ही घरगुती दारू, म्हणजे मुळात छोटं भांडं. बोरीन म्हणजे लहानसा रस्ता. ऐकायला किती गोड! पण हेच शेपूट जॉनला लागलं की होतो शोनीन. आयरिश घरातला जॉन म्हणजे शॉन. शोनीनमधला शोन मात्र इंग्रजी वळणाचा. म्हणजे शोनीन हा चिमुकला जॉनसाहेब, इंग्रजाची नक्कल करणारा. 1893 साली आयरिश भाषा जगवायला गेलिक लीग ही संस्था निघाली, भाषेचा अभिमान पेटला. 1900 साली डी. पी. मोरन या पत्रकारानं 'द लीडर' साप्ताहिक काढलं आणि ही शिवी सढळ हातानं वाटली.

आयरिश लेखक जेम्स जॉइसनं ती उचलली, पण ती कोणाच्या तोंडी द्यायची हे नीट पाहून. 'युलिसिस' या त्याच्या कादंबरीत दारूच्या गुत्त्यात स्वतःची भाषा न येणाऱ्या शोनीनांवर तोंडसुख घेतलं जातं. ती चर्चा चालते इंग्रजीत.

त्याहून मला आवडतो 'डब्लिनर्स' या त्याच्या कथासंग्रहातला (1914) निवडणुकीच्या कचेरीतला प्रसंग. आयरिश स्वराज्याचा पुढारी पार्नेल, त्याचा स्मृतिदिन, बाहेर पाऊस, आत विझत आलेली शेगडी. टिअर्नी नावाच्या उमेदवाराचे पगारी प्रचारक पैशांची वाट बघत बसलेत. कोटाला आयव्हीचं पान, म्हणजे पार्नेलच्या आठवणीची खूण, खोचलेला हाइन्स येतो नि ठणकावतो, बड्या नावापुढे टोपी हातात घेऊन उभ्या राहणाऱ्या शोनीनांपेक्षा कामगाराचा हक्क मोठा. टिअर्नीवरही तो तोंड टाकतो. मग टिअर्नीकडून बाटल्या येतात. बूच काढायचा स्क्रू परत गेलेला, म्हणून त्या शेगडीच्या कडेला मांडतात; ऊब लागली की बूच आपोआप उडतं. हाइन्ससाठीही एक मांडलेली असते. तो उभा राहून पार्नेलवरची आपली कविता म्हणतो. टाळ्या पडतात. क्षणभर सगळे गप्प.

आणि त्याच्या बाटलीचं बूच उडतं. पॉक!