ग्लासातला बर्फ आणि राजाची खाडी

दापोली तालुक्यातल्या एका शाळेत मी २९ वर्षं विज्ञान शिकवलं. आठवीच्या वर्गाला एक प्रयोग दरवर्षी ठरलेला. काचेचा ग्लास, त्यात बर्फाचे खडे आणि वर काठोकाठ पाणी. "बर्फ वितळला की पाणी सांडेल का रे?" अर्धा वर्ग हो म्हणायचा. बर्फ वितळायचा, पाणी जिथल्या तिथे. मग फळ्यावर आर्किमिडीज, त्याच्यामागून उत्तर ध्रुव. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळला तरी समुद्राची पातळी वाढत नाही, वाढते ती जमिनीवरचा बर्फ वितळून. घंटा व्हायची. त्या तरंगत्या बर्फाच्या खालच्या बाजूला काय असतं, हे इतक्या वर्षांत एकाही पोराने विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही कधी सुचलं नाही.

भाची ओस्लोला नोकरी करते. मी निवृत्त झाल्यावर तिने फोनच केला, "मावशी, आता शाळा, पेपर, पाहुणे यातलं एकही कारण चालणार नाही." जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी ओस्लोहून ट्रॉम्सोमार्गे लाँगइयरब्येनला उतरलो. हे नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातलं मुख्य गाव, ७८ अंश उत्तरेला, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. विमानतळाबाहेर अस्वलाचं चित्र असलेली त्रिकोणी पाटी आहे. खाली नॉर्वेजियनमध्ये लिहिलंय, "संपूर्ण स्वालबार्डला लागू." म्हणजे इथून पुढे कुठेही अस्वल भेटू शकतं, नंतर तक्रार नको.

गाव कोळशावर उभं राहिलं. खाणीतून आलेले लोक काळे बूट दाराबाहेर काढायचे. ती सवय अशी मुरली की अजून हॉटेलात, संग्रहालयात शिरताना चपला-बूट काढावे लागतात. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. नॉर्वेची इथली शेवटची कोळशाची खाण २०२५ च्या उन्हाळ्यात बंद झाली. रात्री साडेअकराला भाचीने पडदे ओढले तरी फटीतून ऊन यायचंच. एप्रिलच्या वीस तारखेनंतर ऑगस्टच्या तेविसाव्यापर्यंत इथे सूर्य मावळत नाही. दोन रात्री मला झोप लागली नाही. तिसऱ्या रात्री लागली ती बोटीवर, इंजिनाच्या घरघरीत.

बोट लहान, आम्ही बारा प्रवासी. जायचं होतं वायव्येला, कोंग्सफ्योर्डनमध्ये. शब्दशः राजाची खाडी. निघालो ती खाडी इस्फ्योर्डन, म्हणजे बर्फाची खाडी. बर्फ कुठे दिसतोय का म्हणून मी डेकवरून पाहिलं, तर निळंशार पाणी आणि लांब डोंगरांवर पांढरे पट्टे. आमची वाटाड्या मुलगी सागरी जीवशास्त्र शिकलेली. ती म्हणाली, "याच खाडीत २००४ मध्ये शिंपले सापडले. हजार वर्षं ते इथे नव्हते." कसले शिंपले, म्हणून भाचीने फोनवर फोटो दाखवला. आपल्या शिणाण्यांचेच भाऊबंद, फक्त निळे. पुढे २०१३ मध्ये इथेच मॅकरेलही मिळाला. मॅकरेल म्हणजे बांगडाच की, आपला नाही, त्याचा अटलांटिकातला चुलता. हर्णैच्या लिलावात वाढलेल्या बाईला ७८ अंशांवर बांगडा मिळतो हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात आलं, बांगडा आला म्हणजे पाणी त्याला मानवलं. मग आधीपासून इथे राहणाऱ्यांना ते मानवतंय का?

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटाड्या मुलीने बोटीच्या मागच्या बाजूने बारीक जाळं खोल सोडलं आणि वर आलेलं पाणी बरणीत ओतलं. बरणी उजेडात धरली. आत तांबूस ठिपके, तांदळाच्या कणीएवढे, झटके देत पोहणारे. मी म्हटलं, जवळा! भाचीने भाषांतर केलं आणि वाटाड्या मुलगी हसली. जवळ्याहूनही लहान, कोपेपॉड जातीचे, नाव कॅलॅनस. आर्क्टिकच्या समुद्राचं सगळं तूप या कणीत साठलेलं असतं. उन्हाळ्यात खाऊन खाऊन ते अंगात चरबी साठवतात, इतकी की सुकवून वजन केलं तर निम्म्याहून जास्त भरावी. मग शरदात खोल पाण्यात उतरून पुढचा वसंत येईपर्यंत निपचित पडून राहतात. स्टार्लिंगएवढा काळा-पांढरा लिटल ऑक पक्षी गळ्याच्या पिशवीत हेच भरून पिल्लांकडे नेतो. ध्रुवीय कॉड मासा हेच खातो, कॉडला सील खातो, सीलला अस्वल.

आणि कॅलॅनस काय खातो? इथे माझ्या ग्लासाची आठवण झाली. समुद्राचा बर्फ ग्लासातल्यासारखा गुळगुळीत नसतो. पाणी गोठताना मीठ बाहेर टाकलं जातं आणि बर्फात खारट पाण्याच्या बारीक वाटा राहतात. वसंतात ऊन बर्फातून झिरपलं की त्या वाटांत आणि बर्फाच्या पोटाला शेवाळ धरतं. उलटं टांगलेलं शेत म्हणा. थंडीतून उठलेल्या कॅलॅनसच्या माद्या हे पहिलं पीक खाऊन अंडी घालतात. आठवड्यांनी बर्फ फुटतो, पाण्यात ऊन पोचतं, तिथे प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचं, दुसरं पीक येतं, आणि तोवर अंड्यांतून निघालेली पिल्लं ते खायला तयार असतात. दोन पिकांमधलं हे अंतर म्हणजे त्यांचा सगळा हिशोब. बर्फ लवकर गेला की पहिलं पीक तोकडं पडतं, दुसरं आधीच उरकतं, आणि पिल्लं येतात तेव्हा पंगत उठलेली असते. पेरणीनंतर पावसाने दडी मारली की काय होतं ते दापोलीकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

शिवाय दक्षिणेकडून उबदार अटलांटिक पाण्याबरोबर कॅलॅनसचीच दुसरी जात येते, अंगाने लहान आणि चरबीने कमी. "या बरणीत कोणती किती?" मी विचारलं. ती म्हणाली, "नुसत्या डोळ्यांनी सांगणं अवघड. पूर्वी मापावरून ठरवायचो, पण मापं एकमेकांत मिसळतात. प्रयोगशाळेत जनुकं तपासल्यावर खरं कळतं." हे ऐकून ती मला फार आवडली. ऑकच्या पिल्लाला मात्र फरक कळत असणार. तेवढीच चरबी मिळवायला आईबापांना जास्त दाणे वेचावे लागतात.

दुपारी कोंग्सफ्योर्डनच्या टोकाला, क्रोनेब्रेन हिमनदीसमोर. फोटोत हिमनदी पांढरी दिसते, इथे ती निळी, भेगाळलेली आणि आवाज करणारी. ही स्वालबार्डमधल्या सर्वांत वेगवान हिमनद्यांपैकी, दिवसाला दोनेक मीटर समुद्राकडे सरकते, आणि सरकण्यापेक्षा जास्त वेगाने तुटत असल्यामुळे तिचं तोंड मागे मागे जातंय. आम्ही बरेच लांब थांबलो. पाण्यात विखुरलेल्या तुकड्यांतून लाह्या फुटल्यासारखी तडतड सतत ऐकू येत होती. शेकडो वर्षं कोंडलेली हवा सुटण्याचा तो आवाज. मग एक कडा कोसळला. दिसला आधी, गडगडला नंतर. बोट हलली आणि भाचीने माझा हात धरला, की मी तिचा, आठवत नाही.

पण मला बघायला लावलं ते पुढच्याने. हिमनदीच्या पायाशी एका ठिकाणी पाणी तांबूस, गढूळ. पहिल्या पावसात आंजर्ल्याच्या खाडीत जोग नदी असं लाल पाणी आणते. त्या डागावर किटिवेक जातीच्या कुरवांचा गलका. शेकडो असावेत, झेपावत, भांडत, उठत, परत बसत. हर्णैला होडी लागल्यावरचं दृश्य! मला वाटलं मासे असतील. वाटाड्या मुलीने समजावलं ते असं. उन्हाळ्यात हिमनदीच्या पाठीवर वितळलेलं पाणी भेगांतून तळाशी जातं आणि समुद्रात खोलवर बाहेर पडतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते उसळून वर येतं आणि येताना तळाचं पाणी, त्यातली खतं आणि कोपेपॉड सोबत ओढून आणतं. मिठातून एकदम गोड्यात आलेले ते जीव बधिर होतात आणि पृष्ठभागावर तरंगतात. पक्ष्यांना आयतं ताट.

म्हणजे वितळण्यावरच ही पंगत चाललीये. मी गोंधळले. मग वाईट काय त्यात? ती म्हणाली, "हिमनदीचा पाय समुद्रात बुडलेला आहे तोवर. ती मागे सरकत जमिनीवर गेली की पाणी नदीसारखं वरूनच वाहत येईल, नुसता चिखल घेऊन. खालून उपसणारा पंप बंद." गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही, म्हणजे शेवाळालाही अडचण. पक्ष्यांच्या गर्दीकडे मी पुन्हा पाहिलं. शेवटच्या दिवसाच्या सेलला उडते तशी झुंबड होती ती.

संध्याकाळी, घड्याळात तरी, ब्लोमस्ट्रांडहाल्व्हेयावर उतरलो. वाटाड्याच्या खांद्यावर बंदूक. या नावाचा शेवट म्हणजे "द्वीपकल्प". नकाशा करणाऱ्यांना तो जमिनीला जोडलेला वाटला, कारण मधे हिमनदी होती. १९९० च्या दशकात ती मागे हटली आणि मधे समुद्र निघाला. बेटाला अजून द्वीपकल्प म्हणतात, आणि आमची बोट त्या नावाला वळसा घालून आली! इथेच १९११ च्या सुमाराला अर्नेस्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजाने संगमरवराची खाण काढली. यंत्रं आणली, घरं बांधली, लंडनचं नाव दिलं. दगड गोठण-वितळण्याने आतून इतका फुटलेला की बाहेर नेल्यावर त्याचा चुराच झाला. गंजकी यंत्रं अजून तिथेच आहेत. त्यांच्यात बसून आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. मॅन्सफील्डबद्दल मला थोडी माया वाटली, का ते सांगता येणार नाही.

अस्वल परतताना दिसलं. खाडीतल्या एका सपाट बेटावर पिवळट ठिपका. जुलैत अस्वलापासून निदान ३०० मीटर लांब राहण्याचा नियम आहे, आम्ही त्याहून दूर. दुर्बिणीतून पाहिलं तर महाराज मान खाली घालून चालत होते, दर काही पावलांवर थांबत होते आणि आजूबाजूला हंसबदकांचा आरडाओरडा. उरलीसुरली अंडी खात होते. माझ्या डोक्यातलं अस्वल बर्फाच्या तुकड्यावर उभं असायचं. इथे ते माळावर गुरासारखं चरत होतं. २००६ पासून या खाडीचा बराचसा भाग बहुतेक हिवाळ्यांत गोठत नाही. अटलांटिकचं उबदार पाणी आत शिरतं. रिंग्ड सील वसंतात समुद्रबर्फावरच्या बर्फाच्या ढिगात पोकळी करून पिल्लं घालतो. बर्फच धरला नाही, तर घर नाही. मग अस्वलाने सीलसाठी कुठे दबा धरायचा? एका सीलच्या चरबीला पुरी पडायला किती अंडी लागतील, हे मी मनात मांडायला लागले आणि सोडून दिलं. पण बदकांचा हिशोब तर सरळ होता. समोर घरटी रिकामी होत होती.

शेवटचा थांबा न्यू-ओलेसुंद. ध्रुवापासून सुमारे १२०० किलोमीटर. गावात शिरण्याआधी फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करायला लावतात, कारण इथली रेडिओ दुर्बीण फार नाजूक संकेत टिपते. हेही कोळशाचं गाव. १९६२ मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ जण गेले, त्या प्रकरणात पुढच्या वर्षी नॉर्वेचं सरकार पडलं. खाण बंद झाली आणि गाव संशोधकांचं झालं. १९२६ मध्ये अमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले हे ध्रुवाचे धाडसी प्रवासी ज्या एअरशिपमधून, म्हणजे फुग्यासारख्या विमाननौकेतून, ध्रुवावरून अलास्काला गेले, ती दोराने बांधून ठेवायचा लोखंडी मनोरा अजून उभा आहे. त्याच्याखाली सुरय पक्ष्यांची घरटी. माझ्या डोक्यावर दोन टोची बसल्यावर भाचीने काठी वर धरायला शिकवलं. ते सगळ्यात उंच भागावर हल्ला करतात, म्हणून काठी.

आणि मग "हिमाद्री". २००८ मध्ये सुरू झालेलं भारताचं संशोधन केंद्र, इथल्या बाकीच्या घरांसारखंच साधं. पर्यटकांना आत जाता येत नाही, बाहेर रस्त्यावर उभं राहून बघितलं. त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. २०१४ मध्ये याच खाडीत १९२ मीटर खोलीवर भारताने उपकरणांची साखळी सोडली. पाणी किती उबदार, किती खारट, हे ती वर्षभर नोंदत राहते. वास्को म्हणजे आपल्या दारातलंच. तिथे बसलेलं कुणी या पाण्याचा ताप मोजतंय, हे उगीचच बरं वाटलं.

तिथल्या छोट्या दुकानातून मी शाळेला पोस्टकार्ड टाकलं. अक्षर बारीक करत करत सगळं लिहिलं. उलटं शेत, दोन पिकं, कॅलॅनसचं तूप, हिमनदीचा पंप, आणि शेवटी ग्लासाच्या प्रयोगात एक चित्र वाढवा अशी सूचना.

कार्ड पोचायला चार आठवडे लागले. माझ्या जागी आलेल्या शिक्षिकेने ते वर्गात वाचून दाखवलं आणि संध्याकाळी फोन केला. म्हणाली, "बाई, मुलांना फार आवडलं. दोन प्रश्न आलेत. एक, अस्वल किती मोठं होतं? आणि दुसरा, ज्या बदकाची अंडी गेली, ते परत घालतं का?"

दुसरा प्रश्न कुणी विचारला, म्हणून मी नाव विचारलं. आठवीतली नवीन मुलगी, हर्णैची.