माऊलीतला म

आळंदीला पहिल्याच दिवशी कळलं, की आपण फार अवघड जागी येऊन पडलोय. वारीत कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. वाट हवी असेल तर ‘माऊली’, पाणी हवं असेल तर ‘माऊली’, चुकून कुणाच्या पायावर पाय पडला तरी ‘माऊली’. पोलीसही माऊली आणि चहावालाही माऊली. आणि माझं बोलणं अडतं ते नेमकं म वर.

अडतं म्हणजे काय होतं ते सांगतो. ओठ मिटतात आणि उघडत नाहीत. शब्द माहीत असतो, डोळ्यांसमोर दिसत असतो. मी त्याला बाहेर ढकलतो, आणि जितकं ढकलावं तितके ओठ घट्ट होत जातात. मान ताठते, डावा डोळा आपोआप मिटतो. मग बांध फुटावा तसा शब्द एकदम बाहेर पडतो, नाहीतर पडतच नाही. समोरचा तोवर दुसरीकडे बघायला लागतो, किंवा माझं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतो. आज मी एकेचाळीस वर्षांचा आहे. तीन-चार वर्षांचा होतो तेव्हापासून हे असंच आहे.

आजीने जिभेला वेखंड लावलं, मध चाटवला. लहानपणी कुठेतरी घाबरला असणार, असं घरात म्हणत. शाळेत एका सरांनी भर वर्गात माझी नक्कल केली होती, तेव्हा हसलेल्या पोरांचे चेहरे मला अजून आठवतात. हा जिभेचा दोष नाही आणि भित्रेपणाही नाही, हे कळायला पस्तिशी उजाडली. एका स्पीच थेरपिस्ट बाईंनी ते समजावलं. बोलण्याची जुळवाजुळव मेंदूत ज्या वेगाने व्हावी लागते तिथेच फरक असतो. बहुतेकांचं अडखळणं दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं, त्यातली बरीच मुलं पुढे आपोआप मोकळी होतात, काही राहतात. मोठ्या वयात बायकांपेक्षा पुरुषांत ते साधारण चौपट आढळतं. मी राहिलेल्यांपैकी एक.

त्याच बाई म्हणाल्या होत्या, की लोकांना तुमचं अडखळणं जेवढं ऐकू येतं ते थोडं आहे, ते लपवायला तुम्ही जे करता ते कितीतरी जास्त आहे. खरंच होतं. मी शब्द चुकवत जगत होतो. ‘मला’ ऐवजी ‘आपल्याला’. ‘मंगळवारी’ ऐवजी ‘परवा’. जेवताना मीठ हवं असलं तर नुसतं बोट दाखवायचं. घर मिरजेत, पण एसटीत कंडक्टर समोर आला की सांगलीचं तिकीट काढायचं आणि मिरजेला उतरायचं. कितीतरी वर्षं मी हे वरचे पैसे भरले आणि बायकोलासुद्धा सांगितलं नाही. एका गोष्टीला मात्र पळवाट नव्हती. माझं नावही म वरूनच सुरू होतं, आणि नावाला दुसरा शब्द नसतो.

बाईंनी उपाय सांगितला तो ऐकून मी उठूनच आलो होतो. म्हणाल्या, दिवसातून दोनदा मुद्दाम अडखळा. दुकानात जा आणि जाणूनबुजून ‘म-म-मीठ द्या’ म्हणा. जे घालवायला आलो तेच हाताने करायचं? मी परत गेलो नाही.

2024च्या आषाढीला काकांचे गुडघे बसले. बावीस वर्षं त्यांची वारी चुकली नव्हती. मला म्हणाले, “या वर्षी माझ्या जागी तू चाल.” मी हो म्हटलं, पण मनात दुसरंच होतं. ज्यांनी पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवले ही गोष्ट मी मांडीवर बसून ऐकलीय, ते माझ्या तोंडून एक नाव वदवणार नाहीत का? आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. एवढं चालतो, पण हे घेऊन जा, असं मी समाधीपुढे डोकं टेकवून मागितलं. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितोय.

आणि पहिले चार दिवस वाटलं, ऐकलं त्यांनी.

दिंडीत चालणं म्हणजे गाणं. पहाटेच्या काकड्यापासून भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, मग दुपार कलली की हरिपाठ. पुढे पताका, मग दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, त्यांच्या मागे विणेकरी. माझ्या हातात काकांचे टाळ होते, पितळ झिजून कडेला पातळ झालेले. पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांब टप्पा, त्यात दिवे घाटाचा चढ. वर चढताना मागे वळून पाहिलं तर खालच्या वळणांवर पांढऱ्या टोप्या आणि भगव्या पताकांची रांग संपता संपत नव्हती, आणि सगळ्यांच्या तोंडी ‘ज्ञानबा-तुकाराम’. त्यात मी होतो. तासन्‌तास म्हणत होतो आणि एकदाही ओठ मिटले नाहीत. म कुठे येऊन गेला ते कळतही नव्हतं. घाटमाथ्यावर मी रडलो. शेजारचा टाळकरी पाठीवर हात ठेवून म्हणाला, “पहिली वारी ना? होतं असं.” त्याला काय वाटलं कोण जाणे. मी मात्र सुटलो म्हणून रडत होतो.

जेजुरीच्या तळावर चहाच्या गाडीशी गर्दी होती. पुढच्या माणसाला बाजूला व्हायला सांगायचं होतं. एकच शब्द. ओठ मिटले. इतके घट्ट मिटले की कानशिलं दुखली. मागचे दोघे वळून बघायला लागले. मी चहा न घेताच तंबूत परतलो आणि सतरंजीवर भिंतीकडे तोंड करावं तसा कनातीकडे तोंड करून पडलो.

अडखळणारा माणूस गाताना किंवा चारचौघांच्या सुरात सूर मिळवून म्हणताना सहसा अडखळत नाही. हेही बाईंनी सांगितलं होतं, मीच विसरलो होतो. घाटात घडला तो चमत्कार नव्हता. लोकांच्या आवाजाचा आधार सुटला की मी होतो तिथेच होतो. त्या रात्री मला स्वतःचा जेवढा संताप आला तेवढा आयुष्यात आला नसेल. नीरेकाठी माऊलींच्या पादुकांना स्नान घातलं जात होतं, लोक जयघोष करत होते, आणि मी गुडघाभर पाण्यात उभा राहून दात आवळून म्हणत होतो, जा, इथेच वाहून जा, मेलास तरी चालेल. हे मी कुणाला म्हणत होतो? ते काही अंगावरचं मळकं कापड नव्हतं. पण तेव्हा असं काही सुचलं नाही.

लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. माऊलींचा अश्व दोन रांगांच्या मधून दौडत गेला, लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला वाकले, मीही वाकलो. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्या दिवशी माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं, तरडगावच्या तळावरचं.

रोज मुक्कामाला पोचल्यावर समाज आरती होते. पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा असा गजर चाललेला असतो की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जाऊ नये. मग चोपदार हातातला दंड वर करतात. आणि एका क्षणात सगळं थांबतं. हजारो टाळ एकदम गप्प. ती शांतता अंगावर येते. पण कधी कधी एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. त्याचा अर्थ, त्या दिंडीची काही तक्रार आहे. वाटेत कुणी क्रम मोडला असेल, काही गैरसोय झाली असेल. चोपदार त्या दिंडीपाशी चालत जातात आणि ऐकून घेतात. ऐकून घेतलं की टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो आणि आरती सुरू होते.

त्या दिवशी उजव्या अंगाची एक दिंडी थांबेना. एवढ्या मोठ्या शांततेत तेवढेच वीस-पंचवीस टाळ खणखणत होते. कुणी त्यांना ‘गप्प बसा’ म्हणालं नाही, कुणी रागावून बघितलंही नाही. सगळा समाज, दिवसभर चालून पाय सुजलेला, भुकेलेला, हात जोडून उभा राहिला. चोपदार गर्दीतून गेले. काय बोलणं झालं ते इतक्या दूर ऐकू आलं नाही. मान हलवताना दिसले फक्त. खणखणाट उतरत गेला, शेवटी एकच टाळ दोनदा वाजला आणि थांबला.

मी काकांचे टाळ छातीशी धरून उभा होतो आणि मला घाम फुटला होता. माझ्या आतही एक टाळ छत्तीस-सदतीस वर्षं वाजत होता आणि मी एकदाही त्याच्यापाशी गेलो नव्हतो. आजीचं वेखंड, सरांनी काढलेली नक्कल, सांगलीची तिकिटं, नीरेतलं ते ‘मेलास तरी चालेल’, सगळ्याचा अर्थ एकच होता: गप्प बस. तो आणखी जोरात वाजला तर त्यात त्याचं काय चुकलं? आरती सुरू झाली तरी मी म्हणत नव्हतो. ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी काही वेगळं झालं असं नाही. अडायचं तिथे अडलोच. फक्त अडल्यावर मी मान झटकली नाही, एवढंच.

बरडच्या पुढे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक आजी माझ्या बाजूने चालू लागली. परभणीकडची होती. पायांत रबरी चपला, टाचांना भेगा, चाल मात्र माझ्यापेक्षा झपाट्याची. तिनं विचारलं, “नाव काय रं बाबा तुझं?”

ओठ मिटले.

ती थांबली नाही, चालत राहिली. पण तिनं नजरही काढून घेतली नाही. एका हाताने वृंदावन सावरत माझ्या तोंडाकडे बघत राहिली, जसं एखादं लेकरू चपलेचा बंद लावत असताना आई उभी राहते. मग म्हणाली, “सावकाश. पंढरपूर कुठं पळून चाललंय?”

मी ढकलायचं थांबवलं. ओठ मिटलेले होते, ते तसेच राहू दिले. आणि तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की म हा ओठ मिटूनच म्हणायचा असतो. मिटल्या ओठांत तो आधी गुंजतो, नाकात, टाळूला, गालांच्या आत बारीक थरथरतो, वीण्याच्या भोपळ्याला हात लावल्यावर जाणवतं तसा. मी इतकी वर्षं जे दार मोडायला धावत होतो ते दार म्हणजेच तो वर्ण होता. म दोनदा आला, तिसऱ्यांदा आला, आणि त्याच्या मागोमाग माझं नाव आलं.

आजीला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. “शेती हाय का?” तिनं विचारलं. मग सोयाबीन, पाऊस, धाकट्या सुनेचं बाळंतपण असं बोलत आम्ही दोन मैल गेलो. मी सगळ्या म वर अडलो. एक ठिकाणी तर मुद्दाम अडलो, बाईंनी सांगितलं होतं तसा: म-म-मिरजेचा. सोपं गेलं. हाताने धरून आणलेल्या शब्दाला लपायला जागाच नसते.

नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र आल्या. तोवर मी दिवसातून कितीतरी वेळा ‘म-माऊली’ म्हणत होतो आणि लोक ‘माऊली’ म्हणून वाट देत होते. अडखळलेल्या हाकेलाही ते तेवढ्याच तत्परतेने वळायचे. पंढरपुरात दर्शनबारी एवढी लांब होती की मी नामदेव पायरीला डोकं टेकवलं, कळसाला हात जोडले आणि तिथेच दर्शन मानलं. आळंदीला जे मागितलं होतं ते परत मागायचं आठवलं नाही. चंद्रभागेत स्नान केलं तेव्हा नुसतं स्नान केलं.

घरी फोन लावला. काका म्हणाले, “पोचलास? आवाज कसा बरा वाटतोय रे तुझा.” मी म्हटलं, “अ-अडतोय अजून, काका.” मी स्वतःहून हे कुणाला सांगण्याची ती पहिली वेळ. पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, “असू दे. टाळ नीट आणलेस ना?”

द्वादशीला एसटी स्टँडवर ही गर्दी. पहिल्या दोन गाड्या सोडल्या, तिसरीत कशीबशी उभं राहायला जागा मिळाली. कंडक्टर माणसांतून वाट काढत माझ्यापर्यंत आला, मशिनवर बोट ठेवून म्हणाला, “बोला.”

ओठ मिटले. मी मिटू दिले.

त्याने दोन क्षण वाट पाहिली. मग माझ्या पाठीवरच्या पिशवीकडे, गळ्यातल्या टाळांकडे बघत स्वतःच म्हणाला, “सांगली?”

मी मान हलवली. नाही. आणि एक बोट वर करून त्याला थांबवलं. मागून कुणीतरी “अहो, सरका पुढे” म्हणालं. म आधी नाकात गुंजला, मग ओठांवर आला, एकदा, दोनदा, तीनदा.

“म... म... मिरज. एक.”

त्याने बटण दाबलं. तिकीट फाडून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, “सरका पुढे, माऊली.”