फाइलीतले आकडे

आज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याची उत्पादनाची फाइल पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेने वाचली. फाइलीतून येते ती स्ट्रिंगच, म्हणजे नुसती अक्षरांची माळ. '४०' आणि '२५' जोडले की '४०२५'. क्रम लावला तर '१००' हे '२०'च्या आधी! म्हणून आधी इंट() करायचं, म्हणजे स्ट्रिंगची पूर्णांक संख्या होते. ओळीच्या शेवटची न्यूलाइन, म्हणजे ओळ संपल्याची खूण, इंट() स्वतःच सोडून देतं, पण रिकामी ओळ आली की व्हॅल्यू एरर, म्हणजे यातून संख्या होत नाही अशी तक्रार. लिहिताना उलटं, फाइलीत लिहिणाऱ्या राइट()ला स्ट्रिंगच लागते.

खरा आनंद वेगळाच. मुनीमकाकांनी काही ओळी देवनागरी अंकांत टाइप केल्या होत्या. त्याही इंट()ने बिनतक्रार वाचल्या! काकांना पुन्हा टाइप करायला लावायची गरजच नाही. फक्त एसटीआर() करून, म्हणजे संख्येची पुन्हा स्ट्रिंग करून, परत लिहिताना ते आकडे इंग्रजी अंकांत उतरतात, तेवढं उद्या बदलून देणार आहे.