डोहाचं पोट आणि डोहाचं तोंड: कॅटफिशच्या मागावर चोवीस रात्री

चोवीस रात्री झाल्या. वही जवळपास भरत आली आहे, आणि पाठीमागची पानं उलटताना जे दिसतंय ते लिहून काढावंसं वाटलं.

पहिल्या अकरा रात्रींत मला तीन कॅटफिश, म्हणजे मिशीवाले मासे, मिळाले. नंतरच्या तेरा रात्रींत एकोणीस. नदी तीच, रॉड तोच, आमिषही बहुतेक वेळा तेच. बदलली ती बसायची जागा. आधी मी डोहाच्या पोटात, म्हणजे मधल्या खोल पाण्यात, आमिष टाकत होतो, नंतर डोहाच्या तोंडाशी, वरचा खळाळ डोहात शिरतो तिथे, टाकायला लागलो. दोन्हींत अंतर असेल फार तर चाळीस पावलांचं.

सुरुवातीला माझं गणित सरळ होतं: मिशीवाला मासा तळाचा, मोठा मासा खोलातला, म्हणजे जिथे पाणी सगळ्यात काळं दिसतं तिथे गळ पडला पाहिजे. अकरा रात्री मी त्या काळ्या पाण्याकडे बघत बसलो. चुका होतात त्या अशाच, जागा इतकी देखणी असते की तिच्याबद्दल शंकाच येत नाही.

बाराव्या रात्री मी मासेमारी केलीच नाही. दिवस मावळायच्या आधी जाऊन नुसतं मोजमाप केलं. साठ ग्रॅमचं शिसं दोऱ्याला बांधलं, गळ लावलाच नाही. काठावरच्या एका दगडावर उभं राहून पंख्यासारखं डावीकडून उजवीकडे शिसं फेकत गेलो आणि प्रत्येक वेळी दोरा सैल पडेपर्यंत आकडे मोजले. आधी खोली माहीत असलेल्या ठिकाणी हे करून बघा. माझ्या शिशाला तीन मीटर उतरायला साधारण दोन आकडे लागतात. मग तळाला टेकल्यावर शिसं हळूहळू ओढत आणायचं आणि बोटावर दोरा धरून ठेवायचा. चिखलात ते रुततं आणि ओढ जड, चिकट लागते. वाळूवरून गुळगुळीत येतं. गोट्यांवर टकटक करत येतं. लाकडात अडकलं की ओढ लवचीक लागते, ताणून सोडलं की मागे खेचल्यासारखं होतं. अर्ध्या तासात तळाचा नकाशा वहीत उतरला.

डोहाचं पोट पाच मीटर खोल निघालं, आणि तिथला तळ म्हणजे मऊ गाळ आणि कुजलेला पाला. वरच्या अंगाला, जिथे खळाळ डोहात शिरतो, तिथे गोट्यांवरून जेमतेम गुडघाभर पाणी येतं आणि तीन-चार पावलांत तळ एकदम साडेतीन मीटरवर उतरतो. त्या उतारावर मोठे धोंडे आहेत. काठावरून बघितलं तर तिथे पांढऱ्या फेसाशिवाय काही दिसत नाही, म्हणून मी कधी त्या बाजूला वळलोही नव्हतो.

मग काटक्या सोडल्या. दहा मीटर अंतर पावलांनी मोजून दोन दगड ठेवले आणि काटकी एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत जायला किती वेळ घेते ते बघितलं. मुख्य धारेत बारा सेकंद. धारेच्या कडेला, जिथे वेगाचं आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातं, तिथे चाळीस सेकंद. डोहाच्या पोटात दोन मिनिटं होऊन गेली तरी काटकी रेंगाळतच होती.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या चाळीस सेकंदांच्या पट्ट्याने. पाण्याच्या पृष्ठावर तो एका बारीक रेघेसारखा दिसतो, फेसाचे बुडबुडे त्या रेघेवर ओळीने चालतात. माशाला तिथे पोहायला फार ताकद लागत नाही, आणि शेजारून वाहणारी धार खाणं आणून देत राहते. वरून खळाळातून आलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असते. उन्हाळ्यात पाणी कमी आणि गरम झालं की संथ डोहाच्या तळाशी, जिथे पाला कुजतोय, तिथे प्राणवायू कमी पडू शकतो. त्या दिवसांत तोंडाशी मासे गोळा होणं स्वाभाविकच आहे.

पण त्याहून मोठं कारण वासाचं आणि चवीचं आहे. कॅटफिशची चव ओळखणारी इंद्रियं फक्त तोंडात नसतात. मिशांवर ती दाट असतातच, शिवाय सगळ्या कातडीवर पसरलेली असतात, शेपटीपर्यंत. उत्तर अमेरिकेतल्या बुलहेड या कॅटफिशवर झालेल्या अभ्यासात एकेका माशावर अशा चवकळ्या लाखाच्या वर मोजल्या गेल्या आहेत. 1967मध्ये शास्त्रज्ञ बारडाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की वासाचं इंद्रिय निकामी केलं तरी हे मासे नुसत्या चवीच्या जोरावर दूरच्या आमिषापर्यंत पोचतात. मासा आमिषाकडे डोळ्यांनी येत नाही, पाण्यात विरघळून आलेल्या मागावरून चालत येतो. मग प्रश्न असा उरतो की तुमच्या आमिषापासून हा माग जातो कुठे? डोहाच्या पोटात तो कुठेच जात नाही, आमिषाभोवती घोटाळत राहतो. मुख्य धारेत तो इतका फाटतो की त्याला धागा उरत नाही. कडेच्या पट्ट्यात तो लांब, सलग पसरतो आणि थेट डोहात उतरतो, जिथे मासे दिवसभर पडून असतात.

तेव्हापासून जागा निवडताना मी मासा कुठे असेल हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवला आहे. आधी बघतो, इथून वास कुठे वाहत जाईल.

आमिष

कापलेला ताजा मासा हे माझं मुख्य आमिष झालंय. ताजा म्हणजे ताजाच. बर्फात दोन दिवस ठेवलेल्या तुकड्यांवर मला फक्त खेकडे मिळाले. तुकडा दोन बोटं रुंद, कातडीसकट, आणि गळ कातडीतून काढलेला, म्हणजे प्रवाहात टिकतो. गळाचं टोक पूर्ण उघडं ठेवायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी तुकडा पांढरा पडतो, रक्त धुऊन जातं, तेव्हा बदलायचा. पूर्वी एकच तुकडा दीड-दीड तास पाण्यात ठेवायचो. गांडुळांचा गुच्छ लहान माशांना चालतो आणि पाणी गढूळ असताना फार चांगला. कोंबडीची कलेजी वासाला उत्तम पण गळावर राहत नाही, बारीक शिवणाच्या दोऱ्याने चार वेढे घ्यावे लागतात.

जिवंत आमिषाबद्दल माझं मत या चोवीस रात्रींत बदललं. युरोपातल्या वेल्स कॅटफिशवर 2001मध्ये एक सुंदर प्रयोग झाला होता. पूर्ण अंधारात हे मासे लहान माशाच्या मागे पाण्यात उरलेल्या हालचालीच्या रेघेवरून जातात. भक्ष्य पुढे निघून गेल्यावर दहा सेकंदांपर्यंतचा माग त्यांना काढता येतो. हे वाचलं तेव्हा लक्षात आलं की अशी रेघ टिकायला पाणी शांत हवं. म्हणून आता वाहत्या पट्ट्यात कापलेलं आमिष आणि शांत खोबणीत, पडलेल्या झाडापाशी, जिवंत. पडलेल्या झाडाचे दोन्ही मासे जिवंत आमिषावरच आले. दोन मासे म्हणजे पुरावा नव्हे, पण मी हीच विभागणी पुढे चालू ठेवणार आहे. फ्लॅटहेडसारख्या कॅटफिशच्या जातींना तर जिवंत भक्ष्यच जास्त आवडतं, त्यांच्या मागे असाल तर हे तुम्हाला आधीच माहीत असेल.

बांधणी

मुख्य दोऱ्यावर मोकळं घसरणारं शिसं, त्याखाली मणी, मग स्विव्हल (गरगर फिरणारी कडी), मग हातभर जाड लीडर (गळाआधीचा वेगळा दोरा) आणि गळ. मासा ओढतो तेव्हा दोरा शिशातून सरकतो आणि त्याला वजन जाणवत नाही. लीडर आधी मी हातभराच्या दुप्पट ठेवत होतो. प्रवाहात तो गरगर फिरून गुंता व्हायचा. धोंड्यांच्या जागी शिसं एका कमजोर दोऱ्याच्या तुकड्यावर बांधतो. अडकलं तर तेवढा तुकडा तुटतो, मासा आणि बाकी बांधणी वाचते. शिसं जागेवर टिकायला कमीत कमी जितकं लागेल तितकंच.

गळाबद्दल मात्र मला मनापासून सांगायचंय. नवव्या आणि चौदाव्या रात्री माझ्या साध्या गळाने दोन मासे आतपर्यंत गिळले. दुसऱ्याच्या घशातून गळ काढायचा मी प्रयत्न केला आणि तो मासा वाचला नाही. पंधराव्या रात्रीपासून फक्त सर्कल हुक वापरतो. त्याचं टोक आत वळलेलं असतं. मासा आमिष घेऊन वळला की गळ तोंडातून सरकत जबड्याच्या कोपऱ्यात येऊन बसतो. अट एकच, झटका मारायचा नाही. रॉड वाकू द्यायचा, वाकलेला राहू द्यायचा आणि मग नुसतं रीळ फिरवायला लागायचं. हात शिवशिवतात, पहिले तीन मासे मी झटका मारूनच घालवले. पण त्यानंतर एकही गळ खोल गेलेला नाही. गेलाच तर आता मी उपटत बसणार नाही, तोंडाजवळ दोरा कापून मासा सोडेन.

वेळ

ही गोष्ट मला उशिरा कळली की दिवसाची जागा आणि रात्रीची जागा एक नसते. दिवसा ते ओंडक्यांत, पोखरलेल्या काठाखाली, खोलात दडून असतात. सूर्य बुडाल्यावर पहिला दीड तास माझे बहुतेक मासे त्या धोंड्यांच्या उतारावर आले. त्यानंतर उतारावर शुकशुकाट होतो. सतराव्या रात्री कंटाळून मी आमिष वर, गुडघाभर पाण्यात गोट्यांवर टाकलं आणि दहा मिनिटांत त्या रात्रीचा सगळ्यात मोठा मासा तिथे लागला. शिकारीला ते वर सरकतात. म्हणून आता पहिल्या प्रहराला उतार आणि मग उथळ. उथळावर बसताना काठावर पाय आपटू नका, पाण्यावर दिवा मारू नका. या माशांची हवेची पिशवी हाडांच्या छोट्या साखळीने कानाशी जोडलेली असते, त्यामुळे त्यांना आपल्या अंदाजापेक्षा खूप जास्त ऐकू येतं.

एकोणिसाव्या रात्री पाणी चढत होतं, फूटभर तरी चढलं असेल, चहासारखं गढूळ. उतारावर आमिष टिकेना. खालच्या बाजूला एक ओहळ नदीला मिळतो, त्याच्या तोंडाशी, काठापासून पाचच पावलांवर, दोन तासांत पाच मासे. चढत्या पाण्याबरोबर गांडुळं, किडे, बुडालेल्या गवतातलं सगळं वाहून येतं आणि मासे काठाला लागतात. पाणी उतरायला लागल्यावर सलग दोन रात्री कोरड्या गेल्या. चढतं पाणी चांगलं म्हणताना हेही सांगतो: मी पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवतो आणि पाणी त्या काठीवर वीतभर चढलं की सामान उचलून वर जातो, चावा चालू असला तरी. वरच्या अंगाला धरण असेल तर पाऊस नसतानाही पाणी सोडलं जातं, आणि अंधारात ते चढताना दिसत नाही.

वळणाची बाहेरची बाजू आणि पुलाचे खांब इथेही प्रत्येकी एकेक रात्र घालवली. खांबापुढे प्रवाहाने खड्डा कोरलेला असतो आणि मागे शांत पाणी, म्हणजे कागदावर जागा उत्तम आहे. मला काही मिळालं नाही, पण एका रात्रीवर मी तिला नापास करणार नाही.

हाताळणी

अठराव्या रात्री छातीच्या पंखाचा काटा तळहातात घुसला. हे काटे मासा बाहेर काढून सांध्यात कुलूप लावल्यासारखे अडकवतो, कडेला करवतीसारखे दाते असतात, आणि बऱ्याच जातींत काट्याच्या आवरणात विषग्रंथीही असतात. तीन दिवस हात ठणकत होता. आता ओला हात पोटाखालून घालून बोटं पंखांच्या मागे नेतो, किंवा मासा मोठा असेल तर सरळ खालचा जबडा ओल्या हातमोज्याने धरतो. अंगाला खवले नसतात, कोरड्या गवतावर ठेवलं की कातडीवरचा बुळबुळीत थर निघून जातो, म्हणून ओली चटई जवळ हवी. आणि पाणी गरम होऊन विणीचा काळ आला की कपारीतल्या माशांना मी त्रास देत नाही. चॅनल कॅटफिश पाणी साधारण 21 ते 29 अंश सेल्सिअस असताना विणतो, आणि अंडी कपारीत राखत बसतो तो नर. त्याला उचलून नेलं तर अंडी राखायला कोणी उरत नाही.

तेरा रात्रींच्या एकोणीस माशांपैकी अकरा डोहाच्या तोंडाशी, पाच ओहळाच्या मुखाशी, दोन पडलेल्या झाडाजवळ. राहिलेला एक कालचा, चोविसाव्या रात्रीचा. तोंडाशी दोन तास काही हललं नाही, म्हणून सामान उचलून डोहाच्या शेपटीला गेलो, जिथे पाणी पुन्हा उथळ होऊन पुढच्या खळाळाकडे निघतं. तिथे मी आधी एकदाही बसलो नव्हतो. पाऊण तासाने रॉड वाकला आणि वाकलेलाच राहिला. 81 सेंटीमीटर. प्रवाहाकडे तोंड करून धरला, दोन-तीन मिनिटं कल्ले चालले, मग त्याने शेपटी मारली आणि हातातून निसटला. निसटून तो वर डोहाकडे गेला नाही, खाली खळाळाच्या दिशेने गेला. आठवडाभरात काटक्या आणि शिसं घेऊन त्या खालच्या खळाळाचं मोजमाप करायचंय.