ऑईल कमी होतंय, पण खाली थेंब नाही

आमचा ट्रॅक्टर १९९८ चा, पस्तीस एचपीचा. करवीर तालुक्यात नदीकाठाला शेती. वर ऊस, खालच्या रानात भात. पावसाळ्यात चिखलणी, एरवी रोटर आणि कारखाना सुरू झाला की ऊस वाहतूक. बिचाऱ्याला विसावा नाही.

गेल्या हंगामात त्याची तीन दुखणी एकदम वर आली. गिअरबॉक्सचं ऑईल सारखं कमी यायचं. आमच्या मॉडेलात गिअरबॉक्स, डिफरेन्शियल आणि हायड्रॉलिक तिन्हीला मिळून एकच ऑईल, त्यामुळं ते उतरलं की लिफ्टही धक्के देत वर यायची. दुसरं म्हणजे दोन ट्रॉल्या भरून नदीवरनं वर येणारा चढ लागला की इंजिन नुसतं ओरडायचं, चाक पुढं सरकायचं नाही, आणि जळका वास सुटायचा. तिसरं, ट्रॉली जोडून रिव्हर्स टाकला की मागं ‘कट्’.

चहाच्या टपरीवर निकाल लागला, “क्राऊन-पिनियन गेलं तुझं.” म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणारी दातेरी चाकांची मोठी जोडी. दोन रात्री झोप नाही.

डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत होती. मी म्हटलं, सापडलं! चाक काढलं, एक्सल ओढला, नवं ऑईल सील, म्हणजे ऑईल अडवणारी रबरी कडी, बसवलं. ऐन हंगामात दोन दिवसांच्या खेपा बुडाल्या. दहा दिवसांनी डिपस्टिक बघतो तर ऑईल परत खाली.

मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम केलेल्या एका जुन्या मिस्त्रींना घरी आणलं. आम्ही त्यांना मामा म्हणतो. पान्याला हात लावायच्या आधी त्यांनी विचारलं, “२०१९ च्या पुरात हुता का ह्यो? २०२१ ला?” आमच्याकडं हा प्रश्न पहिला येतो. पुराचं पाणी ब्रीदरमधनं, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवा जायच्या भोकातनं, गिअर लिव्हरच्या रबरातनं आत शिरतं. ऑईल दुधाच्या चहासारखं होतं आणि बेअरिंगला धरलेला गंज पुढं कधीतरी आवाज काढतो. दोन्ही पुरांत आमचा ट्रॅक्टर उंचावर पाहुण्यांच्या दारात होता. डिपस्टिकवर ऑईल मधासारखं स्वच्छ. मामा म्हणाले, “आता आधी आंघोळ घाल त्याला. मळकट अंगावर गळती कशी दिसंल?”

डिझेल आणि ब्रश घेऊन मी दिवसभर घासत बसलो. अंग वाळल्यावर सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर मारली; पोरीचा डबा संपला, त्याची भांडणं वेगळी. ट्रॅक्टर सपाटीला लावला, लिफ्ट खाली सोडली, इंजिन बंद करून अर्धा तास थांबलो आणि मगच लेव्हल घेतली. लिफ्ट वर ठेवून मोजलं की ऑईल सिलिंडरात अडकतं आणि आकडा खोटा येतो. मी आजवर तसंच मोजत होतो. इंजिनची आणि गिअरबॉक्सची अशी दोन्ही मापं कॅलेंडरवर लिहिली. रात्री खाली पुठ्ठे अंथरले.

सकाळी पुठ्ठे कोरडे. डाव्या एक्सलपाशी पावडरीवर बोटभर ओल, बाकी काही नाही.

मामांनी त्या ओलीचं मूळ वर शोधलं. ब्रीदरवर चिखलाचं ढेकूळ वाळून दगड झालं होतं. काम करताना आतली हवा तापून फुगते, तिला वर वाट नसली की ती ऑईलला सीलमधनं बाहेर ढकलते. “सील बदललंस, पण नाक चोंदल्यालंच ठेवलंस,” मामा म्हणाले. म्हणजे माझं जुनं सील बिनगुन्ह्याचं गेलं.

पण एवढ्याशा ओलीनं लिटर लिटर ऑईल जात नाही. मामा खाली आडवे झाले. “स्प्लिट पिन कुठाय रे?”

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे क्लचचं घर, म्हणजे क्लच हाऊसिंग. त्याच्या तळाला एक भोक असतं आणि त्यात स्प्लिट पिन सैल लटकत असते. ट्रॅक्टर चालताना ती हलत राहते, त्यामुळं भोक बुजत नाही. इंजिनचं मागचं सील गळो किंवा गिअरबॉक्सचं पुढचं, ऑईल तिथनं खाली पडतं आणि आपल्याला कळतं. आमच्या त्या भोकात लाकडी बूच होतं. जुलैत चिखलणीच्या वेळी क्लचमध्ये चिखल जाऊ नये म्हणून ड्रायव्हरनं पिन काढून ते ठोकलं होतं. बरोबरच केलं होतं. काढायचं मात्र त्यालाही आठवलं नाही आणि मलाही.

मामांनी पक्कडीनं बूच पिळून ओढलं आणि ऑईलची धार थेट त्यांच्या बाहीत. “घमेलं! घमेलं आण!” मोजलं तर दोन लिटरला थोडं कमी. बाकीचं चालताना क्लच पेडलच्या आडव्या शाफ्टच्या कडेनं उडून गेलं असणार. ऑईल काळंकुट्ट होतं, म्हणून मी म्हटलं इंजिनचं. मामा म्हणाले, “क्लचच्या भुकटीनं कुठलंबी ऑईल काळं हुतं. कॅलेंडर बघ. कमी कशाचं झालंय?” इंजिनची लेव्हल जागच्या जागी होती. म्हणजे गिअरबॉक्सचं पुढचं सील. आणि तेच ऑईल क्लच प्लेटला लागलं, म्हणून चढाला प्लेट घसरत होती. दोन दुखण्यांचं एकच मूळ.

आता ट्रॅक्टर मधनं सोडवायचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायचे होते. पुढचा एक्सल मध्यावर डुलता असतो, म्हणून मामांनी आधी त्याच्या दोन्ही अंगांना लाकडी पाचरी ठोकल्या. नाहीतर धड वेगळं झालं की इंजिन कुशीवर कलंडतं. ही पाचर विसरणाऱ्या माणसाच्या हाताखाली कुणी उभं राहू नये.

सीलची कड वाळून टणक झाली होती, आणि क्लचमधनं गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या शाफ्टवर जिथं ती घासायची तिथं चर पडलेला. नख अडकत होतं. नुसतं नवं सील बसवलं असतं तर तेही गळलं असतं. त्या शाफ्टचं पुढचं टोक धरणारं, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग मामांनी बोटानं फिरवलं, आत वाळू भरल्यासारखं. बेअरिंग ढिलं झाल्यानं शाफ्ट डुलत होता आणि सीलला मारत होता. क्लच दाबल्यावर ‘चिर्र’ व्हायचं ते मी कितीतरी महिने ऐकत होतो. शाफ्टवर स्लीव्ह, म्हणजे चर झाकणारी पातळ नळी, बसवून आणली उद्यमनगरातल्या लेथवरनं; पायलट आणि क्लच दाबताना फिरणारं रिलीज, दोन्ही बेअरिंगं नवीन.

प्लेट पेट्रोलनं धुऊन परत घालू, असं मी म्हणत होतो. धुतलेली, कोरडी दिसणारी प्लेट मामांनी चुलीच्या धगीवर धरली. मिनिटाभरात लायनिंगमधनं ऑईलचे बारीक थेंब घामासारखे वर आले. मी गप्प बसून नवी प्लेट आणली.

क्राऊन-पिनियनचा निकाल ड्रेन प्लगनं दिला. त्याच्या चुंबकावर काजळासारखा करडा लेप होता, तुकडा एकही नाही. झीज तेवढी होतेच. मग ‘कट्’ कशाचं? ट्रॉली सोडून रिव्हर्स टाकला, आवाज नाही. ट्रॉलीच्या हुकाची पिन झिजून तिचं भोक लांबट झालं होतं. गावातल्या वेल्डरनं तासाभरात ते भरून दिलं.

ते बूच आता स्टिअरिंगला सुतळीनं बांधलंय. चिखलणीला लावायचं, झाली की काढून परत तिथंच लटकवायचं. वळवताना हाताला लागतं म्हणून ड्रायव्हर कुरकुरतो.