पहिलं सिनेगॉग मुंबईत कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, मूळचे कोकणातले. दिवेकर, पेणकर, नवगावकर, किहीमकर अशी आमची आडनावंच गाव सांगतात. मग आमचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, कोकण सोडून मुंबईत कसं, असं मला नेहमी विचारतात.

गावात आमची घरं विखुरलेली, कुठे दोन, कुठे चार. तेलाचे घाणे शनिवारी बंद, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, ‘शेमा’ ही देव एकच असल्याची प्रार्थना, एवढं घराघरात टिकलं. पण सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. ते जमायला मुंबई लागली. अठराव्या शतकात आमची माणसं ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत भरती झाली, सुतारकाम, गवंडीकाम करू लागली आणि एका ठिकाणी वस्ती झाली.

समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझेकिएल, हे त्या पलटणीतले अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. आमच्यात सांगतात, की टिपूच्या आईने रदबदली केली म्हणून जीव वाचला, आणि सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधीन हा त्यांचा नवस होता. १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधून त्यांनी तो फेडला. पुढे तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या आणायला ते कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले. त्यांचं हे जाणं मला अजूनही चटका लावतं.

सिनेगॉगच्या कारभाराची पदं मात्र थेट गावातून आली: मुकादम म्हणजे प्रमुख, चौगुले म्हणजे त्याचा मदतनीस. त्यांच्या जोडीला गबाई म्हणजे खजिनदार आणि हज्जान म्हणजे प्रार्थना चालवणारा. अलिबागचं सिनेगॉग १८४८ चं, म्हणजे शहरात जमलेली रीत पुढे गावी गेली. मुंबईतलं हे सिनेगॉग, ‘शार हारहामीम’, १८६० मध्ये सॅम्युएल स्ट्रीटवरच्या आजच्या जागेत आलं. रस्त्याला नाव दिवेकरांचंच.

आत हेखाल, म्हणजे तोरा ठेवायचं कपाट, पश्चिमेच्या भिंतीला, कारण जेरुसलेम त्या दिशेला. मध्ये लाकडी कठड्याचा तेबा, म्हणजे प्रार्थना चालवायचा चौथरा. बायकांची जागा माडीवर.

१९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले, उरलेल्यांतले कितीतरी ठाण्याला राहतात. सिनेगॉगभोवती आता घाऊक बाजार आहे. दहा पुरुष भरले नाहीत तर तोरा हेखालातून वाचनासाठी काढत नाहीत. माझी त्या दहांत गणती होत नाही, तरीही घरातल्या पुरुषांना मी शनिवारी मशीद बंदरला, याच सिनेगॉगात, आग्रहाने पाठवते.