तुम्ही विचारलंत म्हणून: हार्डबोर्डची गिटार कशाला घेतली?

गिटार बाहेर काढली की कुणीतरी जवळ येतंय, गिटारच्या पाठीवर टकटक करून बघतंय आणि विचारतंय, "भावा, हे कशाचं हाय?" मी सांगतो, हार्डबोर्ड. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "मग घेतलीस कशाला?" कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेजारच्या शेडमधले विचारतात, घरचे विचारतात, आणि गिटार शिकणारी पोरं तर फारच विचारतात, कारण चांगली गिटार म्हणजे महोगनी, अॅश, मेपल असलं काहीतरी वजनदार लाकूड हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मिरवणुकीत बेंजो वाजवणारा एक पोरगा तर सरळ म्हणाला, "मर्दा, कपाटाची पाठ गळ्यात अडकवलीयास व्हय?" तुलना अगदी बरोबर आहे, टकटक केलं की आवाज तसाच येतो. पण त्याचा बेंजो तरी कशाचा, प्लायची पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं आणि एक पिकअप, म्हणजे तारेचं हलणं विजेत बदलून अॅम्पला देणारा भाग. मूळ वाद्य जपानचं, 1912 साली नागोयाच्या गोरो मोरिता नावाच्या माणसानं काढलेलं, आणि आज त्याच्याशिवाय आमच्याकडं मिरवणूक हालत नाही. तेव्हा प्लाय-हार्डबोर्डला नावं ठेवायचा हक्क कोल्हापूरकरांना तरी नाही.

तर गिटारचं नाव डॅनइलेक्ट्रो. माझी जुनी अमेरिकन नाही, 1950 च्या दशकातल्या आराखड्यावर पुढं परत काढलेली आहे आणि तीही पुण्यातल्या एका पोराकडून सेकंडहँड घेतलीय. अस्सल जुन्या पीसच्या किमती बघायच्या आणि फोन खिशात टाकायचा.

हा आराखडा ज्यानं केला तो नेथन डॅनियल, जन्म 1912 चाच, न्यूयॉर्कचा. तो गिटार घडवणारा कारागीर नव्हता हे आधी लक्षात घ्या, कारण सगळी गंमत तिथं आहे. तो अॅम्प्लिफायर बनवायचा, आधी एपिफोन कंपनीसाठी आणि मग 1947 ला न्यू जर्सीत स्वतःची डॅनइलेक्ट्रो काढून सीअर्स, माँटगोमेरी वॉर्ड अशा कॅटलॉगवरून घरपोच माल विकणाऱ्या बड्या दुकानांसाठी. 1954 ला गिटारी सुरू केल्या. सीअर्सच्या कॅटलॉगमध्ये त्या सिल्व्हरटोन नावानं जायच्या, गिऱ्हाईक म्हणजे शाळकरी पोरगं आणि पैसे देणारा त्याचा बाप. आता बापाच्या खिशाला परवडंल अशी इलेक्ट्रिक गिटार करायची तर काय काय काढून टाकता येईल, असा विचार त्यानं केला असणार. मी दिवसभर मशीन शॉपमध्ये असतो, दुसऱ्यांचे जॉब करतो, त्यामुळं हा विचार मला फार ओळखीचा वाटतो. ड्रॉइंगमध्ये दिलंय म्हणून मटेरियल घालायचं का त्या जागी खरंच लागतंय तेवढंच घालायचं, हा वाद आमच्याकडं रोजचा. बाबुराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच कोल्हापुरात स्वतः तयार केला त्या गावात असल्या माणसाला नावं ठेवणार कोण!

आता आत काय आहे ते सांगतो. लाकडाची साधी चौकट, त्यावर वरून आणि खालून मेसोनाइटचा पत्रा म्हणजे आपल्या भाषेत हार्डबोर्ड. (हे मेसोनाइट अमेरिकेत विल्यम मेसननं 1924 च्या सुमारास काढलं, लाकडाचे तुकडे वाफेच्या दाबाखाली फोडून त्याचा लगदा परत दाबायचा, वेगळा गोंद फारसा लागतच नाही.) मधे बरीचशी पोकळी. कडेनं चौकट आणि बोर्डाचे जोड दिसू नयेत म्हणून सगळीकडनं व्हिनाइलची पट्टी चिकटवलेली. फर्निचरवाले एज बँडिंग मारतात ना, तेच काम. दाढी करणाऱ्यानं गाल गुळगुळीत करावा तशी ही पट्टी नाहीच, खरखरीत दाणेदार आहे आणि घामानं काळी पडते. पावसाळ्यात मी गिटार भिंतीला टेकवून ठेवत नाही, कारण हार्डबोर्डच्या उघड्या कडेला ओल लागली की ती फुगते आणि फुगलेली परत बसत नाही.

लाकूड वाचवलं म्हणून आवाज गेला का? तर नाही, आणि याचं कारण पिकअप. लिपस्टिकच्या नळ्या. खरोखरच्या, मेकअपच्या मालातल्या, आयत्या मिळणाऱ्या, वरून क्रोम केलेल्या. दोन अर्ध्या नळ्या समोरासमोर बसवल्या की पिकअपचं कव्हर तयार, डाय मारायचा खर्च नाही. मी माझ्या गिटारचा एक उघडून बघितलाय. आत अल्निको नावाच्या मिश्रधातूची एक लांबट लोहचुंबकाची पट्टी, तिच्याभोवतीच तार गुंडाळलेली, वर टेप. बाकीच्या पिकअपमध्ये बॉबिन म्हणजे तार गुंडाळायचं रीळ असतं, प्रत्येक तारेखाली वेगळा खिळा असतो, इथं तसलं काही नाही. वेढे कमी, त्यामुळं मल्टीमीटर लावला तर रेझिस्टन्स चार-साडेचार किलोओहमच्या आसपास दाखवतो, आणि वेढे कमी म्हणूनच वरचे सूर अडत नाहीत, आवाज स्वच्छ आणि काचेसारखा खणखणीत येतो. नळी पितळेची आणि अर्थिंगला जोडलेली असल्यामुळं रेडिओसारखी खरखर बरीच अडते. ट्रान्सफॉर्मरचा गुंगाट मात्र अडत नाही, कारण तो चुंबकीय असतो आणि पितळ त्याला थोपवू शकत नाही. गणपतीच्या मांडवात जनरेटर, डिमर आणि लायटिंगच्या माळा यांच्यामधे उभं राहून वाजवायचं तर कुठल्या दिशेला तोंड केलं की गुंगाट कमी होतो ते शोधावं लागतं. मी बऱ्याचदा प्रेक्षकांकडं पाठ करतो. लोकांना वाटतं पोरगं लाजतंय.

पण माझं प्रेम बसलं ते मधल्या स्विचवर. बहुतेक गिटारींमध्ये स्विच मधे घेतला की दोन्ही पिकअप पॅरलल होतात, आवाज थोडा पातळ होतो. इथं दोन्ही सिरीजमध्ये लागतात. म्हणजे चार आणि चार मिळून आठ-नऊ, आऊटपुट एकदम वाढतं, आवाज जाड आणि जरा रागीट होतो, अॅम्प तसाच ठेवून नुसता स्विच मधे घेतला तरी कडेला उभा असलेला माणूस वळून बघतो. एवढ्याशा वायरिंगमधून एका गिटारच्या दोन गिटारी झाल्या आणि पैसा लागला शून्य. कोण म्हणतं स्वस्त माल म्हणजे डोकं न चालवलेला माल.

सगळंच असं जमलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. तारा जिथं बॉडीवर टेकतात तो ब्रिज म्हणजे एक पत्रा आणि त्यावर रोझवूडची एकच सरळ काडी, सगळ्या सहा तारा तिच्यावरून जातात. वेगवेगळ्या तारेची लांबी वेगळी सेट करायची सोय नाही, काडी थोडी तिरकी करायची आणि देवाचं नाव घ्यायचं. त्यात तिसरी तार हमखास वर चढते, म्हणजे मोकळी सुरात लावली तरी बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर, बेसूर. लोक याला हार्डबोर्डचा दोष समजतात. खरं कारण असं की त्या काळी तिसरी तार वरून बारीक तार गुंडाळलेली, जाड सेटमधली असायची, आणि ती या सरळ काडीवर बऱ्यापैकी बसायची. आज आपण बारीक सेट लावतो त्यात तिसरी तार साधी असते आणि साध्या तारेला जास्त लांबी सोडावी लागते. जाड सेट घाला, तिसरी गुंडाळलेली घ्या, निम्मं भांडण मिटतं. बोटं मात्र दुखतात, तक्रार माझ्याकडं आणू नका.

बटणं एकावर एक बसवलेली आहेत, आवाजाचं आणि टोनचं एकाच जागी, आणि एक फिरवलं की दुसरं थोडं सोबत येतं. वैताग आहे नुसता. मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात तो नट अॅल्युमिनियमचा, आणि हा मला सुरुवातीला कंजूषपणा वाटायचा पण ऐकलं की कळतं, मोकळी तार धातूवरनं सुटते आणि दाबलेली तारही फ्रेटच्या धातूवरनंच सुटते, त्यामुळं दोन्हीचा रंग जवळजवळ सारखा येतो. खुल्या तारा खूप वापरायच्या असतील तर हे वरदान आहे. लेड झेपेलिनचा जिमी पेज 'कश्मीर' स्टेजवर वाजवताना डॅनइलेक्ट्रो घ्यायचा, तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावून, आणि माझ्या मते तिथं हीच गिटार शोभते, नुसती महाग गिटार जड पडली असती. मीही बहुतेक वेळा तारा अशाच लावून वाजवतो, खर्ज धरून वर छोटी धून.

नेथन डॅनियलला वेडही कमी नव्हतं. 1958 च्या लाँगहॉर्न गिटारीला एवढी लांब शिंगं दिली की बैल लाजंल, आणि त्यातलं गिटारलिन नावाचं मॉडेल तर 31 फ्रेटचं, शेवटच्या फ्रेटवर बोट मावत नाही. 1956 चा सहा तारांचा बेस, म्हणजे खर्जातली गिटार, मात्र चालला. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत उभ्या बेसला जोड म्हणून तळव्यानं दाबून तो वाजवायचे आणि तिथं त्याला टिक-टॅक म्हणायचे. 1962 पासून सीअर्सनं विकलेली गिटार तर पेटीत यायची आणि पेटीतच अॅम्प आणि स्पीकर बसवलेला असायचा. पेटी उघडा, पिन लावा, वाजवा. सत्तर डॉलरच्या आत. गावोगावच्या किती पोरांची सुरुवात त्या पेटीवर झाली असेल.

आणि आता आपल्या भागाशी थेट नातं. 1966 मध्ये एमसीए नावाच्या अमेरिकन मनोरंजन कंपनीनं डॅनइलेक्ट्रो विकत घेतली, आणि पुढच्या वर्षी कोरल या नावाखाली इलेक्ट्रिक सतार आली. व्हिन्सेंट बेल नावाच्या स्टुडिओ गिटारवाल्यानं नेथन डॅनियलबरोबर ती केली. सतारीचं खूळ तेव्हा तिकडं जोरात होतं, आणि सतार शिकायला तर वर्षं लागतात. म्हणून गिटारचीच मान, गिटारचेच फ्रेट, सहा तारा, बाजूला 13 तरफा म्हणजे झंकारासाठीच्या जादा तारा, लिपस्टिक पिकअप, आणि रुंद चपटा ब्रिज ज्यावर तार घासून झणझणावी. रंगाचं नाव बॉम्बे रेड. घ्या आता.

मिरज इथून 50 किलोमीटरवर. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, दीडशे वर्षांहून जुनी कला आहे. सतारमेकर गल्लीत एका कारागिराला मी फोनवर कोरलचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला आणि पहिला प्रश्न, "भोपळा कुठाय?" मग बराच वेळ फक्त ब्रिजकडं बघत बसले. म्हणाले, "सहा तारांना मिळून एकच जवारी? एक तार बोलंल हो. बाकीच्या कुरकुरतील."

रेकॉर्डिंग ऐकलीत तर माणूस बरोबर आहे. जवारी म्हणजे घोडीचा, म्हणजे सतारीच्या ब्रिजचा, माथा कानसून इतका हलका उतार द्यायचा की तार हलताना त्याला कणाकणानं टेकत-सुटत राहावी, तेव्हा वरचे सूर जागे राहतात. हे त्या तारेची जाडी, ताण सगळं बघून हातानं जमवायचं काम, मिरजेत कारागीर कानस मारतो, तार छेडतो, ऐकतो, परत एक हात मारतो. पातळ पहिली तार आणि जाड सहावी तार एकाच पट्टीवर एकसारखी झणझणणार कशी? शिवाय सतारीचा पडदा उंच आणि वाकडा, त्यावर तार ओढून चार-पाच सुरांची मींड काढता येते, गिटारच्या सपाट फ्रेटवर ती येत नाही. आणि तरफा मुख्य तारांखाली नाहीत, वर बाजूला आहेत, त्यामुळं आपोआप झंकारण्यापेक्षा हातानं छेडाव्या लागतात. सतार म्हणून कोरल नापास. पण तो चिरका झणका म्हणून ऐका, 'ग्रीन टॅम्बोरिन' या गाण्यात व्हिन्सेंट बेलनंच वाजवलाय, तर दुसऱ्या कुठल्या वाद्यातनं तो निघत नाही. मला तर आवडतो. मिरजेत हे मोठ्यानं बोलत नाही.

1969 ला कारखाना बंद पडला. नेथन डॅनियल पुढं हवाईला गेला, 1994 ला वारला. नाव मग दुसऱ्यांनी घेतलं आणि 1990 च्या दशकाच्या शेवटी त्या गिटारी परत निघू लागल्या, त्यातलीच एक माझी.

तर कशाला घेतली? कारण यातल्या प्रत्येक विचित्र गोष्टीला कारण आहे, आणि ते कारण हात काळे करणाऱ्या माणसाला कळतं. नळी आयती होती म्हणून नळी. पट्टी कड झाकायला. सिरीज वायरिंगला पैसे लागत नव्हते म्हणून सिरीज. आणि या सगळ्या काटकसरीतनं जो आवाज निघाला तो पाचपट किमतीच्या गिटारीत मिळत नाही, त्यात दुसराच कुठला तरी चांगला आवाज मिळतो.

पहिली गिटार म्हणून घेऊ का, असं विचारणाऱ्यांना मी नाही म्हणतो. सुरात बसवायला वेळ जातो आणि शिकणाऱ्या पोराला तिसऱ्या तारेशी भांडायला लावू नये. मेटल वाजवायचं असेल तर तर अजिबात नको, अॅम्पचा गेन म्हणजे आवाज फाडायचं बटण जास्त वाढवलं की पोकळ बॉडी शिट्टी मारायला लागते. आणि लक्ष्मीपुरीतनं हार्डबोर्ड आणून इथंच एक बनवू म्हणणाऱ्यांनो, बॉडी एका रविवारात होईल, मी मदतीला येतो. पण नेकचं म्हणजे मानेचं आधी बघा. तिथं नेथन डॅनियलनंही काटकसर केली नाही, आत स्टीलच्या दोन सळ्या घातल्या होत्या.